तुमच्या घराची १९९१ची किंमत

(दृश्य : मार्चमधली सकाळ. दाराच्या फटीतून एक लिफाफा आत, पायपुसण्यावर पडतो.)

हॅरो असो, स्लाउ असो की लेस्टर, मार्चमध्ये इंग्लंडातल्या प्रत्येक मराठी घरात हा लिफाफा येतो. कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं बिल. आपण तो उघडतो, यंदा किती वाढला ते बघतो, उसासा टाकतो आणि कागद फ्रिजच्या दारावर लावून टाकतो. पैसे बँकेतून आपोआप जातात, बहुतेकांचे एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत.

त्याच कागदावर एक अक्षर छापलेलं असतं. ए ते एच या आठांतलं एक. हा तुमच्या घराचा बँड, म्हणजे किमतीचा गट. कर त्यावरूनच ठरतो. आकडा दर वर्षी बदलतो, अक्षर मात्र वर्षानुवर्षं तेच. ते कोणी ठरवलं, कधी ठरवलं, असं विचारणारे फार थोडे.

गावी असं चालत नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी आली की काका आधी शेजारी विचारून येतात, "तुम्हाला किती आली हो?" मग नमुना ८चा उतारा निघतो. पत्र्याच्या खोलीची नोंद स्लॅबची झालेली दिसली, तर ग्रामसेवकाची खैर नसते. त्याच घरातली मुलं इंग्लंडला आली की गप्प बसतात. इथला सरकारी कागद चुकायचा नाही, असं आपण धरून चालतो. निदान या अक्षराच्या बाबतीत तसं धरून चालू नका, एवढं सांगण्यासाठीच ही फिल्म केली आहे.

(दृश्य : लंडनचा ट्रॅफल्गर चौक, ३१ मार्च १९९०. जुनं चित्रण.)

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं घरावरचा जुना कर काढून माणशी कर बसवला. स्कॉटलंडमध्ये १९८९ साली, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० साली. एका कौन्सिलच्या हद्दीत हवेलीचा मालक आणि तिथला माळी, दोघांच्या माथी जवळपास सारखीच रक्कम. लोकांनी त्याला पोल टॅक्स म्हटलं आणि ते रस्त्यावर उतरले. ट्रॅफल्गर चौकात दंगल उसळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात थॅचर पायउतार झाल्या.

पुढच्या सरकारला तो कर एकदाचा पुरून टाकायचा होता. नवा कौन्सिल टॅक्स १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. त्याआधी प्रत्येक घराला एक बँड द्यायचा होता. कसोटी एकच : १ एप्रिल १९९१ रोजी हे घर बाजारात कितीला गेलं असतं?

घरं कोट्यवधी आणि हातात वेळ थोडा. सरकारी मूल्यांककांच्या जोडीला खासगी इस्टेट एजंट घेतले गेले. कित्येक रस्त्यांवर ही मंडळी गाडीतून खाली उतरलीसुद्धा नाहीत. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, काचेतून एक नजर, यादीत एक अक्षर. या कामाला पुढे नावच पडलं, सेकंड गिअर व्हॅल्युएशन. आत किती खोल्या आहेत, मागे काय आहे, ते गाडीतून कसं दिसणार?

इंग्लंड आजही त्याच यादीवर चालतं. वेल्सनं २००३च्या किमती धरून २००५ साली नवे बँड दिले. इंग्लंडमध्ये २००७ साली ते व्हायचं होतं, पण २००५ सालीच सरकारनं ते रद्द केलं. त्यामुळे काल-परवा बांधलेल्या फ्लॅटलाही १९९१चीच किंमत लावली जाते. तेव्हा तो उभा असता तर कितीला गेला असता, असा अंदाज बांधून.

(दृश्य : १९३०च्या दशकातल्या जोडघरांची रांग. एकसारख्या खिडक्या, एकसारखी कौलं.)

आता हिशोब. १९९१ साली ४०,००० पौंडांपर्यंतचं घर ए बँडमध्ये. ६८,००० च्या वर आणि ८८,००० पर्यंत डी. तिथून १,२०,००० पर्यंत ई. ३,२०,००० च्या वरचं सगळं एच. कराचा मधला खांब म्हणजे डी. डीच्या कराचे नऊ भाग धरले, तर ए ला तसे सहा भाग, ई ला अकरा, एच ला अठरा. तुमच्या कौन्सिलचा डीचा कर वर्षाला १,८०० पौंड आहे असं समजा. मग ई बँडला २,२०० भरावे लागतात. एका अक्षरामागे ४०० पौंड, तेही दर वर्षी.

तपासायचं कसं? सुरुवात काकांसारखीच, शेजाऱ्यापासून. फरक इतकाच की इथे विचारायलाही जावं लागत नाही. सरकारच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की अख्ख्या रस्त्याचे बँड समोर येतात. आकारानं, वयानं आणि बांधणीनं तुमच्यासारखीच घरं शोधा. सगळी डीमध्ये आणि तुमचं एकटं ईमध्ये असेल, तर थांबून बघायला हवं.

पण इथेच घाई नको. तुमच्या घराला आधीच्या मालकानं मागे खोली वाढवली होती का? इंग्लंडमध्ये वाढीव बांधकामामुळे बँड लगेच चढत नाही. घर विकलं गेलं की मग चढू शकतो. म्हणजे तुमच्यासारखीच खोली वाढवून शेजारी तीस वर्षं तिथेच राहत असेल तर तो डीमध्ये, आणि तेच घर विकत घेणारे तुम्ही ईमध्ये. दिसायला अन्याय, नियमानं बरोबर.

म्हणून दुसरी तपासणी किमतीची. अर्थविषयक पत्रकार मार्टिन लुईस यांनी ही दुहेरी तपासणी ब्रिटनमध्ये घराघरांत पोचवली. तुमचं किंवा तसंच घर पूर्वी कधी कितीला विकलं गेलं ते शोधायचं आणि घरांच्या किमतींच्या निर्देशांकावरून १९९१पर्यंत मागे जायचं. शेजार आणि किंमत दोन्ही एकच सांगत असतील, तरच पुढे जा. नुसत्या किमतीच्या भरवशावर जाऊ नका. हा हिशोब तुमच्या खात्रीपुरता आहे, पुरावा म्हणून तो चालत नाही.

पुरावा लागतो तो व्हॅल्युएशन ऑफिसला. बँड कौन्सिल ठरवत नाही, हे कार्यालय ठरवतं. कौन्सिलला फोन करून भांडण्यात दिवस घालवू नका. तुमच्यासारख्या पण खालच्या बँडमधल्या जास्तीत जास्त पाच घरांचे पत्ते द्या, शक्यतो त्याच रस्त्यावरचे. एप्रिल १९८९ ते मार्च १९९३ या काळातल्या खऱ्या विक्रीची किंमत मिळाली तर उत्तमच.

घरात येऊन सहा महिने झाले नसतील तर रीतसर आव्हान देता येतं. निकाल पटला नाही तर तीन महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, तीही फुकट. ट्रायब्युनल सरकारपासून स्वतंत्र आहे. सहा महिने उलटून गेले असतील तर फेरतपासणीची विनंती करायची. पुरावा सबळ वाटला तरच व्हॅल्युएशन ऑफिस त्यात हात घालतं. भाडेकरूही हे करू शकतो, बिल त्याच्या नावावर असलं की झालं. तोवर हप्ते मात्र थांबवायचे नाहीत. बँड उतरला तर जास्तीचे पैसे तुम्ही कर भरायला लागलात त्या दिवसापासूनचे परत मिळतात. कोणी फोन करून "आम्ही करून देतो, परताव्यातला हिस्सा द्या" म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. या कामाला एक पेनीही लागत नाही.

(दृश्य : संध्याकाळ. कुंपणापलीकडे एक वयस्क बाई गुलाबाला पाणी घालते आहे.)

आणि एक गोष्ट, जी फॉर्म भरताना सहज विसरली जाते. तपासणीत बँड वरही जाऊ शकतो. तुमचा जाऊ शकतो, आणि ज्या पाच घरांकडे तुम्ही बोट दाखवलं त्यांचाही. कदाचित तुमचा ई बरोबर असेल आणि चूक पलीकडच्या डीमध्ये असेल. त्या घरात पेन्शनवर जगणारं कोणी असेल.

म्हणून मला वाटतं, तो फॉर्म पाठवण्याआधी शेजारचं दार वाजवावं. चहा घ्यावा. दोन्ही घरांचा आकार, मागची खोली, जुनी किंमत, सगळं एकत्र बसून पडताळावं. १९९१ साली कोणतं घर कितीला गेलं, हे बहुधा त्या बाईंना तोंडपाठ असेल.