फूटभर लाकूड आणि आपली फुंकर

(पडद्यावर: पाण्यानं भरलेली काचेची बरणी. काळ्या लाकडाचा छोटा तुकडा पाण्यात सोडला जातो.)

बुडाला. लाकूड म्हणजे पाण्यावर तरंगणारच, असं आपण धरून चालतो. पण हे आफ्रिकन ब्लॅकवूड आहे, पाण्याहून जड. टांझानिया आणि मोझांबिकच्या कोरड्या रानांत ते वाढतं. तिकडची माणसं त्याला म्पिंगो म्हणतात. झाडात बघण्यासारखं काही नाही. ठेंगणं, वेडंवाकडं, काटेरी. आणि वाढ इतकी संथ, की तोडायला यायला 70 ते 100 वर्षं लागतात. आपल्या शिसवीच्या कुळातलंच हे झाड. क्लॅरिनेट आणि ओबो या लाकडाचे होतात, आणि आज आपण जे वाद्य बघणार आहोत तेही.

(पडद्यावर: टेबलावर लाकडी पावा. कॅमेरा टोकापासून टोकापर्यंत हळूहळू सरकतो.)

हा आयरिश पावा. इंग्रजीत व्हिसल. जेमतेम फूटभर लांब, सहा भोकं, आणि तोंडाच्या बाजूला चोचीसारखी तिरपी कापलेली जागा. जत्रेत अलगूज घेतलं असेल तर ही रचना तुमच्या ओळखीची आहे. बासरी आडवी धरून फुंकरीचा कोन साधावा लागतो, आणि नुसता आवाज निघायलाच नवशिक्याचे कित्येक दिवस जातात. इथे तसं नाही. ओठांत धरायचा, फुंकायचं, आवाज आला. सहा वर्षांच्या पोरालाही येतो. तो आवाज गोड मात्र कसा करायचा, हे काम पुढे वर्षानुवर्षं चालतं.

हा पावा आला कुठून, तेही सांगायला हवं. डब्लिनमध्ये हाय स्ट्रीटच्या उत्खननात हाडाचे पावे सापडले, ते 12व्या शतकातले मानले जातात. म्हणजे फुंकणी आणि भोकं ही युक्ती फार जुनी. पण आज जगभर ‘टिन व्हिसल’ म्हणून जो पावा ओळखला जातो, त्याचा कारखानदारीतला जन्म इंग्लंडचा. सफोक परगण्यात कोनी वेस्टन नावाचं गाव आहे. तिथला रॉबर्ट क्लार्क हा शेतमजूर. तो लाकडी पावा वाजवायचा, आणि तोच पावा नव्यानं मिळू लागलेल्या टिनपत्र्यात करून बघावा, असं त्याच्या मनात आलं, असं सांगतात. साल 1843. पत्रा गुंडाळून नळी केली, तोंडात लाकडाचा ठोकळा बसवला आणि पुढे मँचेस्टरला जाऊन धंदा उभा केला. पावा स्वस्त झाला, गरिबाच्या खिशात गेला, समुद्र ओलांडून आयर्लंडच्या घराघरांत पोचला. आणि आयरिश लोकांनी त्याचं सोनं केलं.

तर क्रम असा आहे: आधी लाकूड, मग पत्रा. आज जे मोजके कारागीर लेथवर लाकूड कातून पावे बनवतात, ते मुळाकडेच परत गेले आहेत.

(पडद्यावर: कार्यशाळा. लेथ फिरतो आहे, काळा भुसा उडतो आहे.)

लाकूड घाईनं कामाला घेऊन चालत नाही. चौकोनी दांडा आधी लेथवर ढोबळ गोल करतात, मधून आरपार भोक पाडतात आणि ठेवून देतात. काही महिने, कधी काही वर्षं. या काळात लाकडाच्या मनात जे काही वळायचं-वाकायचं असेल ते होऊन जातं. मग पुन्हा तेच भोक रीमरनं नीट, हव्या त्या मापाला आणायचं. हा विसावा ज्यानं टाळला, त्याचा पावा दोन उन्हाळ्यांत तडकतो.

पण पाव्याचा जीव नळीत नसतो. आता हे जवळून बघा.

(पडद्यावर: तोंडाकडचा भाग, अगदी जवळून. काळ्या लाकडात बसवलेला तांबूस ठोकळा आणि त्याच्या वरची बारीक फट.)

हा तांबूस ठोकळा वेगळ्या लाकडाचा आहे. बरेच कारागीर इथे उत्तर अमेरिकेतलं लाल सिडार वापरतात. जुन्या पेन्सिली याच लाकडाच्या व्हायच्या; नवा पावा ओठांशी नेला, की शाळेत पेन्सिल तासताना यायचा तोच वास येतो. ठोकळ्याच्या वर जी फट दिसते, ती जेमतेम एक मिलिमीटर उंच. आपली फुंकर या फटीतून पातळ होऊन निघते आणि समोरच्या धारेवर आपटते. आपटली, की ती धारेच्या एकदा आत, एकदा बाहेर अशी हेलकावे खायला लागते, आणि नळीतली हवा तिला आपल्या लयीत ओढून घेते. सहाही भोकं मिटली असतील, तर सेकंदाला 587 हेलकावे. तो झाला हार्मोनियमच्या पांढरी दोनचा स्वर, या पाव्याचा सगळ्यात खालचा.

फट थोडी जास्त उघडली, तर आवाज फुसका होतो, श्वास पुरत नाही. थोडी कमी पडली, तर पावा चिडका होतो, जरा जोरात फुंकलं की किंचाळतो. कारागीर इथे कानस दोनदा फिरवतो, फुंकून बघतो, परत एकदा फिरवतो. मोजपट्टीचा इथे फारसा उपयोग नाही. आवाज कधी बसला, हे कानाला कळतं आणि तिथे हात थांबतो. म्हणून एकाच कारागिराच्या हातचे, एकाच लाकडाचे दोन पावे सारखे वाजत नाहीत. त्या दोन दिवशी त्याच्या कानाला जे पटलं, ते त्या दोन पाव्यांत उतरलेलं असतं. हातानं बनवलेली वस्तू आपल्याकडे असण्यातलं सगळ्यात मोठं सुख मला हे वाटतं.

आता एक अवघड प्रश्न. लाकडामुळे आवाज खरंच वेगळा येतो का?

वाजवणारे छातीठोकपणे हो म्हणतात. लाकडाचा आवाज ‘उबदार’, पत्र्याचा ‘कोरडा’. पण जॉन कोल्टमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1971मध्ये याच प्रश्नावर प्रयोग प्रसिद्ध केला. चांदी, तांबं आणि लाकूड, अशा तीन पदार्थांच्या, आतून एकाच मापाच्या बासऱ्या त्यानं करून घेतल्या आणि ऐकणाऱ्यांना न दाखवता वाजवल्या. कानाला फरक ओळखता आला नाही. हवा थरथरते ती नळीच्या आत. बाहेर भिंत कशाची आहे, याचा आवाजाशी संबंध नगण्य.

मला हे पटतं, आणि तरीही माझा कौल लाकडालाच आहे. कारण कोल्टमननं मापं सारखी ठेवली होती, आणि लाकडाची सगळी गंमत तर मापात आहे. पत्र्याची भिंत कागदाइतकी पातळ. लाकडाची भिंत जाड, त्यामुळे बोटाखालचं प्रत्येक भोक ही छोटीशी नळीच होते. कारागीर त्या भोकाची आतली कड तिरकी तासतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण त्या तासण्यानं स्वर किंचित चढतो, मोकळा होतो. सहा भोकं, सहा वेळा हे काम. दुसरी गोष्ट ओलाव्याची. आपल्या श्वासात वाफ असते. पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या फटीत तिचे थेंब जमतात आणि ऐन गतीत आवाज घुसमटतो. सिडारचा ठोकळा तो ओलावा पिऊन घेतो. त्यालाही मर्यादा आहे, पण तेवढ्यात तुमचं गाणं पुरं होतं.

एक न्यायाची गोष्टही इथेच सांगायला हवी. मेरी बर्गिन, ‘द चीफटन्स’ या आयरिश बँडचे पॅडी मोलोनी, अशा ज्या थोर वादकांनी हे वाद्य जगाला ऐकवलं, त्यांनी ते ऐकवलं धातूच्या साध्या पाव्यावरच. लाकडाचा पावा त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. शिकायला सुरुवात करणाऱ्यानं पत्र्याचाच घ्यावा, असं मी मनापासून सांगेन. बोटं बसली, कान तयार झाला, आणि मग मनात लाकडाची ओढ लागली, तर पैसे साठवून एकच घ्यावा, चांगला घ्यावा.

(पडद्यावर: बोटं. सहा भोकं मिटलेली, मग खालून एकेक उघडत जातात.)

मराठी वाजवणाऱ्याला यात एक खजिना सापडतो. आयरिश माणूस सहाही भोकं मिटून निघालेल्या स्वराला ‘सा’ धरतो. खालून एकेक बोट उचलत गेलं, की सरळ बिलावल मिळतो, सगळे शुद्ध स्वर. आपण मात्र बासरीवाले. आपला ‘सा’ वरची तीन बोटं मिटून. तसं धरलं, की सगळी भोकं बंद असताना खालचा पंचम, मग धैवत, निषाद, मग पांढरी पाचला ‘सा’. पुढे रिषभ, गंधार, आणि सगळी बोटं उचलली की तीव्र मध्यम. झाला यमन! एकही भोक अर्धं न उघडता, जसाच्या तसा. आयर्लंडच्या गावातल्या नाचासाठी घडवलेला पावा, आणि संध्याकाळी पुण्यातल्या गच्चीवर त्यात ‘नि रे ग’ असा मंद्र निषादावरून उचललेला आलाप. पहिल्यांदा हे जमून आलं, तेव्हा मी आनंदानं वेडा झालो होतो.

(पडद्यावर: पाव्यावर यमनचा छोटा आलाप.)

शुद्ध मध्यम लागला की गोष्ट बदलते. बासरीवर आपण वरचं भोक अर्धवट उघडून तो काढतो. पाव्याची भोकं लहान, तिथे अर्ध्याचा भरवसा नाही. मग वरचं भोक उघडं ठेवून त्याखालची दोन मिटायची. चांगल्या कारागिराची परीक्षा मी इथे घेतो: या बोटांनी शुद्ध मध्यम सुरात लागला, तर त्या माणसानं भोकांच्या मापांवर जीव ओतलाय, असं समजावं. भोकं लहान असल्यानं मींडही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आखूड मिळते. मोठ्या बासरीवरची लांब, रेंगाळणारी मींड इथे शोधायला जाऊ नये. तो या वाद्याचा स्वभाव नाही.

त्याचा स्वभाव चपळाईचा. जिग आणि रील या आयरिश नाचाच्या चाली ऐका. वरचं एखादं बोट क्षणभर उचलून लगेच ठेवायचं, की मूळ स्वराच्या डोक्यावर वरच्या स्वराचा स्पर्श होतो. आपण त्याला कण म्हणू. खालच्या भोकावर बोट टपकन आपटून उचललं, की खालून टिचकी बसते. हे दोन्ही जोडून एका लांब स्वराचे तीन तुकडे करायचे, लय न मोडता. आयरिश वादक एकच स्वर दोनदा घेतानाही जीभ मारायची घाई करत नाहीत. बोटांनीच स्वर तोडतात. लाकडी पाव्यावर हे करताना बोटांखाली गोलसर, किंचित ऊबदार कड लागते आणि प्रत्येक टिचकी लाकडातून हाडापर्यंत जाणवते. हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही. ते फक्त वाजवणाऱ्याचं.

दुसरं सप्तक निव्वळ फुंकरीवर. बोटं तीच, श्वास नेटाचा. खालचे स्वर हळुवार फुंकरीत, वरचे हिमतीनं. भीत भीत फुंकणाऱ्याचे वरचे स्वर नेहमी उतरलेले लागतात, आणि शेजाऱ्यांचा विचार मनात असला की ते हमखास उतरतात.

(पडद्यावर: पुण्यातला एप्रिल. भिंतीवरच्या आर्द्रतामापकाचा काटा. टेबलावर उघडी पेटी.)

आयर्लंडच्या दमट हवेत घडलेलं लाकूड पुण्याच्या उन्हाळ्यात आलं, की त्याची कसोटी लागते. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी, की लाकूड आकसतं, पाव्यावर बसवलेली चांदीची कडी सैल होऊन बोटानं फिरायला लागते. हा इशारा आहे, तो ऐकावा. पावा बंद पेटीत ठेवावा, पंख्याखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही. नळीला आतून अधूनमधून बदामाच्या तेलाचा हात द्यावा, पण ठोकळ्याला आणि फटीला तेलाचा थेंबही लागू देऊ नये. तिथे लाकडाला ओलावा पिता आला पाहिजे. वाजवण्याआधी तोंडाकडचा भाग दोन मिनिटं मुठीत किंवा काखेत धरून कोमट करावा. वाजवून झालं, की काठीला सुती फडकं गुंडाळून नळी आतून पुसावी. कोकणातल्या पावसाळ्यात प्रश्न उलटा: पाव्याचे दोन भाग जिथे जुळतात, त्या जोडाला गुंडाळलेला मेणाचा दोरा फुगतो, जोड अडकतो. तेव्हा पिळून-ओढून काढू नये. दोऱ्याचे एक-दोन वेढे उलगडावेत.

या लाकडाची चिंता जगालाही आहे. 2017च्या जानेवारीपासून शिसवीच्या कुळातल्या जवळजवळ सगळ्याच झाडांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराची नजर आली. त्यात तयार वाद्यंही अडकली, वादकांना सीमेवर कागदपत्रं दाखवावी लागली. 2019मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. लाकडावरची नजर मात्र कायम आहे आणि ती असायलाच हवी. टांझानियात किल्वा भागातल्या गावांनी आपली जंगलं स्वतः राखून, मोजूनमापून म्पिंगो विकायची पद्धत बसवली आहे. त्या गावांच्या लाकडाला दोन पैसे जास्त मोजावे लागले, तरी मोजावेत. बॉक्सवूड, ऑलिव्ह, प्लम या लाकडांचेही देखणे, सुरेल पावे होतात, आणि कोल्टमनचा प्रयोग लक्षात घेतला, तर त्यांना कमी लेखायचं काहीच कारण नाही.

(पडद्यावर: पुन्हा कार्यशाळा. पाव्याच्या तोंडातून सिडारचा ठोकळा हलकेच ठोकून बाहेर काढला जातो.)

नव्या पाव्याला पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवायचं असतं. लाकूड आपल्या श्वासाशी जुळवून घेत असतं, ठोकळा ओलाव्यानं फुगून आपली जागा धरत असतो. कधीकधी तो जरा जास्तच फुगतो. फट अरुंद होते, खालचे स्वर दबतात. अशा वेळी घरी पटाशी हातात घ्यायची नाही. पावा ज्यानं बनवला, त्याच्याकडेच पाठवायचा. तो ठोकळा बाहेर काढतो, उजेडाकडे धरतो, तुमच्या फुंकरीनं कुठे डाग पडलेत ते बघतो, आणि केसभर लाकूड तासून परत बसवतो. आता हा पावा त्याच्या कानाला नाही, तुमच्या श्वासाला बेतलेला असतो. पार्सल घरी आलं, की परत पहिल्यासारखंच करायचं: पहिला आठवडा रोज दहा मिनिटं, खालचे स्वर आधी.