तुम्ही कुठवर आलात?

(सांगलीत वाचकांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ३२ वर्षं मी वाचनालयात देवघेवीच्या खिडकीशी बसले. त्या खिडकीतून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "बाई, काहीतरी चांगलं द्या." आणि कितीतरी वर्षं मी खरोखरच 'चांगलं' काढून देत होते. पुरस्कार मिळालेलं, अभ्यासक्रमाला लागलेलं, जाणकारांनी नावाजलेलं. वि. स. खांडेकरांचा जन्म आपल्या सांगलीतला आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते त्यांच्या 'ययाति'मुळे. मग सांगलीच्या माणसाने 'ययाति' वाचलीच पाहिजे, असा माझा हट्ट असायचा. पुस्तक परत आलं की पानांत विसरलेलं एसटीचं तिकीट सापडायचं. पुष्कळदा ते चाळिसाव्या पानाच्या अलीकडेच असायचं. पुस्तक उत्तमच होतं. मी ज्याच्या हातात ते दिलं, त्या माणसाकडे मात्र मी पाहिलंच नव्हतं.

हे माझ्या लक्षात आलं ते एका बाईंमुळे. पन्नाशीच्या होत्या. यजमान जाऊन तीनचार महिने झालेले. मी विचार केला, यांना दुःखाचंच पुस्तक द्यावं, धीर येईल. एक भलीमोठी कादंबरी दिली. दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आल्या. रागावल्या नाहीत, काही नाही. खिडकीवर पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, "हे माझ्या घरात आहेच की. तुम्ही काय वाचताय सध्या?"

माझ्या टेबलावर 'बनगरवाडी' उपडी पडलेली होती. कॉलेजात वाचलेली, इतक्या वर्षांनी पुन्हा हातात घेतली होती. मी म्हटलं, "एक पोरसवदा मास्तर आहे. माणदेशात धनगरांच्या वाडीवर शाळा उघडायला चालत गेलाय. पोचलाय, पण शाळेत पोरंच नाहीत, सगळी मेंढरांमागं. मी इथवरच आलेय." एवढंच बोलले. पुस्तक थोर आहे, १९५५ सालचं आहे, लेखक व्यंकटेश माडगूळकर आपल्याच आटपाडी भागातले, यातलं काहीही सांगितलं नाही. आमच्याकडे दुसरी प्रत होती, ती त्या घेऊन गेल्या.

चौथ्या दिवशी त्या आल्या. खिडकीत वाकून विचारतात, "तुमच्या मास्तरानं तालीम बांधायला घेतली का?" मी अजून तिथपर्यंत पोचले नव्हते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग मी काही बोलत नाही. पण औंधचे राजे पंतसरकार यायचे आहेत बरं का वाडीत." त्या बाईंचं हसू मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवशी घरी जाऊन मी रात्री एकपर्यंत वाचत बसले, त्यांना गाठायचं म्हणून.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. वाचून संपलेल्या पुस्तकाविषयी आपण निकाल देतो. छान आहे, जरूर वाचा. निकाल ऐकून घेतला की समोरच्याला करण्यासारखं काही उरत नाही. अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाविषयी बोलताना मात्र पुढचं आपल्यालाही ठाऊक नसतं. समोरचा बरोबरीने चालू शकतो, पुढेही जाऊ शकतो. शिफारस करणारा वर आणि ऐकणारा खाली, असं तिथे राहत नाही.

आमच्या व्यवसायात डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले. पुस्तकं वापरासाठी असतात, हा पहिला. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तो सगळे पाठ म्हणतात. तिसरा आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मला हा तिसरा जास्त जवळचा वाटतो. ८९१.४६३ हा मराठी कादंबऱ्यांचा वर्गांक. त्या कपाटात अशी पुस्तकं असतात, की मागच्या चिठ्ठीवर दहा वर्षांत एकही तारीख पडलेली नसते. ती वाईट असतात असं नाही. "मी सध्या हे वाचतोय" असं त्यांच्याबद्दल कुणी कुणाला म्हटलेलं नसतं, एवढंच.

आता २०१९च्या महापुराचं सांगते. इथल्या कुणाला ते आठवून द्यायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं गेली, त्यातली जुनी आता कुठेच मिळायची नाहीत. आम्ही आमच्यापुरतं ठरवलं होतं, की लोकांच्या घरी असलेली पुस्तकं कुणाला मागायची नाहीत. ज्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं, त्याच्याकडे पुस्तकाचा दंड कोण मागणार?

तरी गणपती झाल्यावर गावभागातले एक गृहस्थ आले. पिशवीतून एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी काढली. फुगलेली, कडा लाटांसारख्या झालेल्या, पण पानं एकमेकांना चिकटली नव्हती, वाचता येत होती. म्हणाले, "बोटीत बसताना हीच पिशवीत होती. अर्धी राहिली होती वाचायची, म्हणून हातातच होती." ज्या शाळेत त्यांची सोय केली होती, तिथे सात दिवस एकाच खोलीत वीसेक माणसं. हे वाचायला बसले, की शेजारचा विचारायचा, कुठवर आलं? मग तोही वाचू लागला. मग त्याची सून. मग मिरजेच्या बाजूचा एक रिक्षावाला, तो रात्री बॅटरीच्या उजेडात.

मी पुस्तक उघडलं. आत चार खुणा होत्या. एक औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, एक दुमडलेली पावती, एक लाल लोकरीचा तुकडा आणि पिंपळाचं एक पान. चौघं एकाच पुस्तकात चार ठिकाणी होते, आणि कुणी कुणाची खूण हलवली नव्हती. ते पुस्तक नियमाप्रमाणे बाद करायला हवं होतं. मी केलं नाही. ते अजून कपाटात आहे, खुणांसकट.

आता फोनवर आपले वाचनाचे गट आहेत. मीही तीन गटांत आहे. रोज मुखपृष्ठांचे फोटो येतात आणि खाली "अप्रतिम", "संग्राह्य". मला त्यातून काहीच मिळत नाही, हे मी इथे स्पष्ट सांगते. त्यापेक्षा लिहा, की साठाव्या पानावर अडकलोय, ही दोन भावांची भांडणं संपतच नाहीत, पण आईचं पात्र सोडवत नाही. बघा, चार जण ते पुस्तक शोधायला निघतील. आवडलं नाही तर तेही लिहा. अर्ध्यात सोडलं तर कुठे सोडलं ते लिहा. कुणीतरी म्हणेल, अहो, अजून दहा पानं थांबा.

आपल्या शेजारच्या साताऱ्यात भिलार आहे, ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. स्ट्रॉबेरीच्या गावातल्या घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. मला तिथे सगळ्यात आवडलं ते हे, की पुस्तक कुणाच्या तरी ओसरीवर बसून वाचायचं, आणि घरातलं माणूस येता-जाता बघतं, तुम्ही काय उघडलंय ते.

मी फार बोलले. माझं चालू पुस्तक सांगते आणि माईक देते. नातू सातवीत आहे, त्याला रोज रात्री अण्णाभाऊ साठेंची 'फकिरा' वाचून दाखवतेय. त्यातलं वाटेगाव आपल्याच वाळवा तालुक्यातलं, म्हणून त्याला ते खरंच घडलंय असं वाटतं. काल फकिराचा बाप राणोजी जत्रेचा मान असलेली जोगणी आणायला शिगावला निघाला, तिथे थांबलो. दिवा मालवल्यावर तो अंधारात विचारतो, "आजी, तो परत येतो ना गं?" मी सांगितलं नाही. तुमच्यापैकी ज्यांना माहीत आहे त्यांनीही त्याला सांगू नका, तो तिथे मागच्या रांगेत बसलाय.

हं, पहिल्या रांगेतल्या ताई, तुमच्या मांडीवर काय आहे? कुठवर आलात?