किंमत उतरली, आता कन्सोल किती खपेल?

कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, स्वस्त झाला की पहिल्या आठवड्याचा आकडा डोळे दिपवतो आणि अंदाज तिथेच चुकतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा हातात धरून खेळायचा ३डीएस घ्या. फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात तो २५,००० येनला आला. एप्रिल ते जून या तिमाहीत जगभरात मिळून गेले फक्त ७ लाख १० हजार नग. मग २८ जुलैला घोषणा झाली: ११ ऑगस्टपासून किंमत १५,००० येन. सहा महिनेही झाले नव्हते आणि थेट ४० टक्के कपात! जपानात आदल्या आठवड्यात जेमतेम ४ हजार नग विकले गेले होते, कपातीच्या आठवड्यात सुमारे १ लाख ९६ हजार.

म्हणजे विक्री जवळपास पन्नासपट झाली का? मुळीच नाही. किंमत उतरणार हे दोन आठवडे आधीच कळल्यावर २५,००० कोण मोजणार? आदल्या आठवड्याचा आकडा पडला तो त्यामुळे, आणि थांबलेलं ते गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात एकदम आलं. म्हणून घोषणेच्या आधीच्या सहा ते आठ आठवड्यांची सरासरी काढा. कपातीनंतरचे पहिले तीन आठवडे सोडून द्या. चौथ्यापासून आठव्यापर्यंतची सरासरी पहिल्या सरासरीने भागा. कपातीचा खरा गुणक हा. मोठा व्हिडिओ गेम आला की मोजणी तिथेच थांबवायची. ३डीएसवर नोव्हेंबरात 'सुपर मारिओ ३डी लँड' आला, डिसेंबरात 'मारिओ कार्ट ७'. तिथून पुढची वाढ एकट्या किमतीच्या खात्यावर टाकता येत नाही.

आणखी एक, आणि हे फार जण विसरतात. कंपनी जाहीर करते तो आकडा दुकानदारांकडे गेलेल्या मालाचा असतो, घरी पोहोचलेल्या मालाचा नव्हे. गोदामं भरलेली असतील तर दुकानातली विक्री वाढूनही कंपनीचा आकडा हलत नाही.

वर्षाचा अंदाज तर सणासुदीच्या तिमाहीवरच उभा असतो. कपात करतानाही निन्टेन्डोने मार्च २०१२ पर्यंतच्या आर्थिक वर्षाचा १ कोटी ६० लाख ३डीएसचा अंदाज कायम ठेवला, जानेवारीत तो १ कोटी ४० लाखांवर आणला आणि प्रत्यक्षात गेले १ कोटी ३५ लाख ३० हजार. त्यातले ८० लाखांहून अधिक एकट्या ऑक्टोबर-डिसेंबरमधले. त्या तिमाहीत दहा टक्के चुकलात तर ८ लाखांचा फरक पडतो. शिवाय कपातीनंतर प्रत्येक नग तोट्यात जात होता, त्यामुळे खप वाढला म्हणजे नफा वाढला असं समीकरण मांडू नका. त्या आर्थिक वर्षात कंपनीला ३,७३० कोटी येनचा परिचालन तोटा, म्हणजे मूळ धंद्यातला तोटा, झाला.

आता निन्टेन्डोचाच घरी टीव्हीला जोडायचा कन्सोल, वी यू. सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत ३५० डॉलरचा संच ३०० ला आला. मार्च २०१४ पर्यंतच्या आर्थिक वर्षाचा अंदाज होता ९० लाख नगांचा. जानेवारीत तो २८ लाखांवर आला, गेले २७ लाख २० हजार. हे यंत्र नवं आहे की कंपनीच्याच जुन्या 'वी' कन्सोलचं जोडयंत्र, हेच अनेकांना कळलं नव्हतं, आणि खेळही तुरळक येत होते. अडचण किमतीची नव्हतीच. अशा ठिकाणी गुणक १, म्हणजे कपातीने खप वाढणार नाही असं, धरूनच सुरुवात करावी आणि मोठ्या खेळांच्या तारखा पक्क्या झाल्यावरच तो वाढवावा.