चढावरचा ट्रेलर आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान

[दृश्य: लांब चढावर ट्रेलर ओढणारा पिकअप. मग आतून डॅशबोर्ड.]

चढ लांब आहे, मागे तीन टनांचा ट्रेलर आहे, आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या पाण्याचा काटा मधोमध उभा आहे. त्यावरून इंजिनाचं ठीक चाललंय एवढंच कळतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल त्याच वेळी भलतंच तापलेलं असू शकतं. बऱ्याच गाड्यांत त्याला काटा नसतोच, असतो फक्त इशाऱ्याचा दिवा, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. काही गाड्यांत कंपनीचा काटा असतो, पण तो बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. चालक निर्धास्त राहावा म्हणून ही सोय. ओझं ओढणाऱ्याच्या मात्र ती कामाची नाही. त्याला आकडा हवा.

हे तेल म्हणजे एटीएफ, ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. वंगण हे त्याचं एक काम. आतले क्लच दाबून धरायला याच तेलाचा दाब लागतो, आणि इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे जाते तीही याच तेलातून. उष्णता मुख्यतः तिथेच तयार होते.

[दृश्य: कापून उघडलेला टॉर्क कन्व्हर्टर.]

इंजिनाला जोडलेला इम्पेलर तेल फेकतो, त्या तेलाच्या जोरावर समोरचा टर्बाइन फिरतो. मधला स्टेटर परतणारं तेल वळवतो आणि त्यामुळे गाडी जागेवरून हलताना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास दुप्पट होऊन मिळतो. पण इम्पेलर आणि टर्बाइनच्या वेगात जितकं अंतर, तितकी ताकद नुसतं तेल घुसळण्यात जाते.

हिशेब करून पाहू. इंजिन १०० किलोवॅट देतंय आणि कन्व्हर्टर त्यातले ९० टक्के पुढे पोचवतोय. उरलेले १० किलोवॅट तेलात. गिअरबॉक्समध्ये १० लिटर तेल धरलं तर वजन झालं साधारण साडेआठ किलो. एक किलो एटीएफ एक अंशाने तापायला सुमारे २ किलोज्यूल लागतात. म्हणजे उष्णता काढून न्यायला काहीच नसेल, तर एका मिनिटात तेल ३५ अंशांनी चढेल. या निवेदनात सगळे अंश सेल्सिअसचे आहेत. प्रत्यक्षात काही उष्णता धातू घेतो, बाकीची कूलर, म्हणजे तेल थंड करणारी जाळी, नेतो, म्हणून गाडी चालते. आता तोच ट्रेलर चढावर रिव्हर्समध्ये ढकलायचा आहे असं समजा. चाकं जेमतेम फिरतायत, कन्व्हर्टर जवळपास अडकलेला आहे. इंजिनाचे ५० किलोवॅट आले तर जवळजवळ सगळे तेलात: दर सेकंदाला तीन अंश. आणि कूलरवर वारा नाही, कारण गाडी उभ्यासारखीच आहे. तासभराच्या हायवेपेक्षा अंगणातलं दोन मिनिटांचं रिव्हर्स गिअरबॉक्सला जास्त महागात पडू शकतं ते यामुळे.

यावरचा इलाज म्हणजे लॉकअप क्लच. तो लागला की इम्पेलर आणि टर्बाइन एकत्र बांधले जातात, घसरण संपते आणि उष्णतेचा हा झरा जवळपास आटतो. कल्पना जुनी आहे. पॅकार्डच्या १९४९ च्या अल्ट्रामॅटिकमध्ये ती होती. चढावर अडचण अशी होते की वरच्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद पुरत नाही, कंप्युटर लॉकअप सोडतो, परत लावतो, परत सोडतो. गिअरही वर-खाली होत राहतात. या शोधाशोधीत तेल तापतं.

[दृश्य: गिअरबॉक्सच्या खालून. पॅन, कूलरच्या दोन लाइन, त्यावर बाण.]

तापमान मोजताना पहिला प्रश्न किती हा नसून कुठे हा असतो. पॅनमधलं, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या परातीतलं, तेल कूलरमधून परतलेलं आणि आतून गळून आलेलं, दोन्ही मिसळलेलं असतं. त्याचा आकडा हळू बदलतो आणि सरासरी सांगतो. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणारी लाइन म्हणजे सगळ्यांत गरम जागा. लॉकअप सुटला की तिथला आकडा काही सेकंदांत २०-३० अंश वर उडी मारतो आणि लॉकअप लागला की तसाच उतरतो. कूलरवरून परतणारी लाइन सर्वांत थंड. ती कूलर कसं काम करतोय ते सांगते, गिअरबॉक्सचे हाल सांगत नाही. प्रेशर टेस्ट पोर्टमध्ये सेन्सर बसवणं सोपं असतं, पण तिथे तेल वाहत नाही, त्यामुळे वाचन सुस्त आणि थोडं कमी येतं.

म्हणून दोन चालकांनी आपापले आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नसतो. एकाचा १०० पॅनचा, दुसऱ्याचा १३५ लाइनचा. दोन्ही गाड्या सारख्याच बऱ्या असू शकतात.

एकच सेन्सर लावणार असाल तर पॅन निवडा. तेलाचं आयुष्य आणि सीलची अवस्था त्या आकड्यावर ठरते, आणि प्रसिद्ध झालेल्या बहुतेक मर्यादाही पॅनच्याच आहेत. पॅनमध्ये ८० ते ९५ ही रोजची स्थिती. नव्या गिअरबॉक्समध्ये थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह तेल मुद्दामच ९० च्या वर ठेवतो, त्यामुळे तिथे ७० दिसत नाही म्हणून घाबरू नये. ओझ्यासह चढावर १०५ पर्यंत गेलं आणि माथ्यावर परत उतरलं, तर ठीक. ११५ च्या पुढे तेलातून वार्निशसारखा चिकट थर बसायला लागतो आणि व्हॉल्व्ह बॉडीतले, म्हणजे तेलाची वाट बदलणाऱ्या ठोकळ्यातले, बारीक सरकते स्पूल अडकू लागतात. १२५-१३० ला रबरी सील कडक होतात. १४५ च्या आसपास क्लचच्या प्लेटा घसरायला लागतात, त्या घसरणीची उष्णता आणखी वाढते, आणि तिथून गाडी सावरणं कठीण. वर्कशॉपमधला जुना ठोकताळा असा की ८० च्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. तो खनिज तेलांच्या काळातला आहे. आजचं सिंथेटिक तेल जास्त सोसतं, पण दिशा तीच.

[दृश्य: पॅनच्या बाजूला वेल्ड केलेला बंग, त्यात सेन्सर.]

सेन्सर सहसा १/८ इंच एनपीटी (निमुळत्या पाइप-) आट्यांचा थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. पॅन काढून बाजूच्या भिंतीवर बंग, म्हणजे सेन्सर बसवायची आटे पाडलेली कडी, वेल्ड करा. तेलाच्या पातळीखाली, पण तळापासून थोडा वर, म्हणजे दगड लागणार नाही. आत त्याचं टोक फिल्टरला किंवा व्हॉल्व्ह बॉडीला टेकत नाही ना, हे वेल्डिंगच्या आधी मोजा. एक्झॉस्टच्या बाजूला लावू नका. ड्रेन प्लगच्या जागी येणारे सेन्सर मिळतात, पण ते खाली लोंबकळतात.

एकाच वायरीचा सेन्सर असेल तर त्याची अर्थिंग आट्यांमधूनच होते. त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर अर्थिंग तुटते किंवा कमजोर होते आणि गेज खोटं थंड दाखवतं. दोन वायरींच्या सेन्सरला ही कटकट नाही. लाइनमध्ये टी-जोड टाकून बसवणार असाल तर सेन्सरचं टोक वाहत्या तेलात हवं. टीच्या बंद फांदीत साचलेलं तेल मोजलं तर आकडा फसवतो.

वायर ओढायची नसेल तर गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचायचं ओबीडी-२ सॉकेट आहेच. मात्र इंजिनाच्या पाण्याचा कोड ०५ आणि इंजिन ऑइलचा ५सी हे सगळीकडे सारखे असले, तरी गिअरबॉक्सच्या तेलासाठी बहुतेक उत्पादक आपापला कोड वापरतात. ॲपमध्ये चुकीचा कोड टाकला तरी एखादा पटण्यासारखा आकडा येऊ शकतो. पडताळणी सोपी आहे: गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी इंजिन सुरू न करता इग्निशन लावा. पाणी, आत येणारी हवा आणि गिअरबॉक्सचं तेल, तिन्ही एक-दोन अंशांच्या फरकाने जुळली पाहिजेत. उणे ४० दिसलं तर वायर तुटलेली आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरने पॅन तपासताना चकचकीत धातूवर नेम धरू नका, वाचन कमी येतं; काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा.

[दृश्य: चढ. डॅशबोर्डवर आकडा: ९६, ९९, १०३.]

चालवताना आकड्यापेक्षा तो कोणत्या वेगाने चढतोय ते बघायचं. १०३ वर स्थिरावला असेल तर चालू द्या. मिनिटाला तीन-चार अंश चढतोय आणि माथा दूर आहे, तर आत्ताच एक गिअर खाली घ्या. इंजिनाचे फेरे वाढतील, आवाज होईल, पण लॉकअप टिकेल आणि ऑइल पंपही जास्त तेल कूलरकडे ढकलेल. टो/हॉल मोड, म्हणजे ओझं ओढण्यासाठीची सेटिंग, हेच आपणहून करतो, म्हणून तो चढाच्या पायथ्याशीच लावावा. एसी बंद केला की कंडेन्सरची उष्णता कमी होते, आणि मागच्या कूलरला थोडी थंड हवा मिळते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं पूर्ण टाळा. रिव्हर्समध्ये ट्रेलर चढवायचा असेल, जमीन सैल असेल आणि गाडीत फोर-बाय-फोर लो (चारही चाकांचा सावकाश गिअर) असेल, तर तो वापरा. गिअरबॉक्सच्या मागे टॉर्क वाढतो आणि कन्व्हर्टरवरचा ताण उतरतो.

१२० दिसलं तर थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका. पंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की तेल कूलरमधून फिरणंही थांबतं. हँडब्रेक लावा, न्यूट्रलमध्ये फेरे १,००० ते १,२०० वर ठेवा. पार्कमध्ये का नाही? क्रायस्लरच्या काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये कूलरला तेल जातच नाही. चाकांना लाकडी अडण लावा आणि तेल ९५ पर्यंत उतरू द्या.

आकडा पूर्वीपेक्षा वर राहायला लागला असेल तर ओझ्याला दोष देण्याआधी कूलर बघा. कंडेन्सर आणि कूलरच्या मध्ये पिसं, गवत, माती अडकते आणि ती समोरून दिसत नाही. मग प्रवाह: तेल गरम असताना रिटर्न लाइन काढून बादलीत सोडा, इंजिन आयडलवर. २० सेकंदांत साधारण एक लिटर यायला हवं. तुमच्या गिअरबॉक्सचा नेमका आकडा असेल तर तो धरा. तेल थंड असताना ही चाचणी करू नका, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बंद असू शकतो. २० सेकंदांच्या पुढेही नको, पॅन रिकामा होतो.

तेलाची पातळी हा दुसरा संशयित. कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरते भाग त्याला फेसाळतात. दोन्ही वेळी तेलाचा दाब कमी होतो, क्लच घसरतात आणि तापमान वाढतं. तापलं की तेल फुगतं, त्यामुळे पातळी ज्या तापमानाला बघायला सांगितलंय त्याच तापमानाला बघायची. डिपस्टिक नसलेल्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ते ३५ ते ५० च्या दरम्यान असतं.

तेल गुलाबी आणि दुधाळ निघालं, तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी मिसळलंय. अशी गाडी पुढे नेऊ नका. पाण्याने क्लचच्या अस्तराचा गोंद सुटतो. जादा हवाई कूलर लावताना तो रेडिएटरमधल्या कूलरच्या नंतर जोडा, म्हणजे तेल हवेने थंड होऊन थेट गिअरबॉक्सला परतेल. नळी एटीएफला चालणारीच हवी. साधी पेट्रोलची नळी या उष्णतेत कडक होऊन तडकते.

[दृश्य: पांढऱ्या कागदावर तेलाचे दोन थेंब, एक लाल, एक तपकिरी.]

एकदा १३० च्या वर गेलेलं तेल बदलायचं. पॅनमधून उपसलं तर साधारण निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून उपसा, भरा, थोडं चालवा, आणि पुन्हा एकदा उपसा. पॅन उघडलाच आहे तर फिल्टर बदला आणि चुंबक पुसून बघा: करडी, पिठासारखी बारीक पूड नेहमीची, टोचणारे कण निघाले तर नवीन तेलाने भागणार नाही, गिअरबॉक्स उघडावा लागेल.