आधी न्यूट्रल तपासा

नमस्कार श्रोतेहो.

दुकानदार, गाळेवाले, ऑफिसची व्यवस्था बघणारे आणि व्यापारी इमारतींच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी, आज मी मुख्यतः तुमच्याशी बोलणार आहे. फोर्टमधल्या जुन्या दगडी इमारती असोत की मरोळ-साकीनाक्याचे गाळे, विजेच्या कामाला गेलो की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "एमसीबी सारखा पडतोय हो, जरा मोठा टाकून द्या."

कृपा करून असं करायला सांगू नका, आणि वायरमन तयार झाला तरी करू देऊ नका. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, असतो तो वायर वाचवायला. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरवर 16 किंवा 20 अँपियरचा एमसीबी काढून 32चा बसवला, की स्विच पडायचा थांबतो आणि वायर तापायला लागते. तीही फॉल्स सीलिंगच्या वर, जिथे कुणाची नजर जात नाही.

मी स्क्रूड्रायव्हर काढायच्या आधी विचारतो, स्विच पडतो कधी? वर करताक्षणी पडत असेल तर शॉर्ट सर्किट शोधायचं. अर्ध्या तासाने पडत असेल तर लोड जास्त आहे, नाहीतर एमसीबीचाच स्क्रू ढिला आहे आणि त्या जोडाच्या उष्णतेने तो पडतोय. पावसातच पडत असेल तर ओल कुठून शिरते ते बघायचं. बाहेरचा बोर्ड, गच्चीवरची केबल, एसीचं आउटडोअर युनिट. हे तुमच्या ऑफिसमधला शिपाईसुद्धा नीट सांगू शकतो. त्याला विचारा, तो रोज तिथे असतो.

आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थमध्ये गळला की पडणारा स्विच, त्याची गोष्ट थोडी वेगळी. माणसाला शॉकपासून वाचवणारा 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी प्रत्यक्षात 15 ते 30 मिलिअँपियरच्या मध्ये कुठेही पडू शकतो. प्रत्येक कॉम्प्युटर थोडासा करंट अर्थमध्ये सोडतोच, ती त्याच्या आतल्या फिल्टरची रचनाच आहे. अख्ख्या हॉलचे कॉम्प्युटर एकाच आरसीसीबीवर टाकले, की बिघाड कशातच नसतानाही तो पडत राहतो. तिथे सर्किटं वाटून द्यावी लागतात. इंटिरिअरच्या कामात दोन सर्किटांचे न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारा, एकत्र पिळून टाकले असतील, तरी हाच त्रास होतो. मात्र "फार पडतो" म्हणून आरसीसीबी बायपास केलेले बोर्ड मी बघतो, तेव्हा मला खरोखर राग येतो. त्या बोर्डाला उद्या कुणाचा तरी ओला हात लागणार असतो.

आता न्यूट्रल. व्यापारी इमारतींमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच्याकडे.

अंधेरी पूर्वेला एका ऑफिसमध्ये भर दुपारी काही दिवे मंद झाले आणि बाकीचे डोळ्यांवर येतील इतके प्रखर. पाठोपाठ दोन-तीन अ‍ॅडॅप्टर जळाले. "कंपनीकडून व्होल्टेज जास्त येतंय," असं सगळे म्हणत होते. मीटर लावला. फेज म्हणजे वीज आणणारी तार, तिथे अशा तीन. फेज ते फेज 415 व्होल्ट, अगदी बरोबर. फेज ते न्यूट्रल तिन्हींवर सारखं यायला हवं, ते मात्र एकीकडे 170 आणि उरलेल्या दोन्हींवर 280च्या आसपास. म्हणजे सप्लाय ठीक आहे, न्यूट्रल सुटलाय. न्यूट्रल गेला की व्होल्टेज लोडप्रमाणे विभागलं जातं. ज्या फेजवर लोड कमी, तिच्यावरची यंत्रं आधी जळतात. मेन स्विच बंद करून पॅनल उघडलं. न्यूट्रल लिंकवर अ‍ॅल्युमिनियमचा लग (केबलच्या टोकाला बसवायचा जोड) थेट तांब्याच्या पट्टीवर आवळलेला, मध्ये पांढरी भुकटी, बाजूची स्लीव्ह करपून आक्रसलेली. या दोन धातूंच्या जोडाला बायमेटॅलिक, म्हणजे दोन्ही धातूंचा, लग लागतो. तो नसेल, तर मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत असा जोड आतून खराब होत जातो.

असा दोष साध्या टेस्टरला सापडत नाही. टेस्टर फेजवर पेटतो, आणि सुटलेल्या न्यूट्रलवरही पेटतो. जुन्या इमारतींत तर न्यूट्रलमध्येही किटकॅट (चिनीमातीचे जुन्या पद्धतीचे) फ्यूज सापडतात. तो फ्यूज उडाला की दिवा विझतो, माणसाला वाटतं लाइट गेली, आणि फेज मात्र जिवंत असते. असे फ्यूज काढून तिथे सलग लिंक, म्हणजे फ्यूजशिवायचा थेट जोड, बसवून घ्या.

न्यूट्रल बिघडण्याचं दुसरं कारण नव्या काळाचं आहे. एलईडीचे ड्रायव्हर आणि कॉम्प्युटर गुळगुळीत लहरीचा करंट घेत नाहीत. त्यात 150 हर्ट्झचा तिसरा हार्मॉनिक, म्हणजे मूळ 50 हर्ट्झच्या तिप्पट वेगाची लहर, असते. तिन्ही फेजवर लोड समान असला, तरी हा हार्मॉनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदत नाही, त्याची बेरीज होते. म्हणून कधी कधी न्यूट्रलचा करंट फेजपेक्षाही जास्त भरतो. आणि आपल्याकडे अनेक इमारतींत साडेतीन कोअरची केबल आहे, म्हणजे न्यूट्रल निम्म्याच जाडीचा! न्यूट्रलचा करंट मोजायला ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर हवा; साधा मीटर अशा करंटला कमी दाखवतो.

पाऊस सुरू व्हायच्या आत परवानाधारक कंत्राटदाराकडून मेगर टेस्ट, म्हणजे वायरच्या आवरणातून करंट गळतो का याची तपासणी, करून घ्या. 500 व्होल्टवर फेज आणि अर्थमधला इन्सुलेशन रेझिस्टन्स निदान 1 मेगओहम यायला हवा. आधी कॉम्प्युटर आणि दिव्यांचे ड्रायव्हर सर्किटपासून सोडवायला सांगा, नाहीतर ते खराब होतील. पॅनल बंद केलं की त्यावर कुलूप आणि "काम चालू आहे" अशी पाटी लागलीच पाहिजे. वायरमनने मीटर आधी चालू लाइनवर तपासावा, मग बंद केलेल्या लाइनवर लावावा आणि पुन्हा चालू लाइनवर. याला दोन मिनिटं लागतात; त्याला घाई करू नका.

आणि मीटर रूममध्ये एक वही ठेवा. दुपारी सगळे एसी चालू असताना महिन्यातून एकदा तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा करंट त्यात लिहून ठेवा, तारखेसकट. न्यूट्रलचा आकडा फेजच्या जवळ पोचला, की केबल बदलायचं एस्टिमेट लगेच मागवा.

नमस्कार.