पोट्टे, सतरंज्या आणि राजकारण

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्याकडे नागपुरात एखाद्या पोट्ट्यानं घरी सांगितलं की मला राजकारणात जायचंय, तर आई पहिल्यांदा विचारते, ‘मग एमपीएससीचं काय?’ बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, ‘ते आपल्यासारख्यांचं काम नाही.’ चांगल्या घरानं राजकारणापासून लांब राहावं, हे जणू ठरलेलंच असतं.

राजकारण मुळात चांगलं असतं, असा दावा मी करणार नाही. त्यापासून लांब राहता येत नाही, एवढं मात्र नक्की. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. रात्री धो धो पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, मोरभवन बसस्थानकात एसटीच्या गाड्या बुडाल्या. पाऊस कोणाच्या हातात नसतो. पण नदीच्या वाटेत काय बांधू द्यायचं, सिमेंटचा रस्ता घराच्या जोत्यापेक्षा किती उंच करायचा, नाले कधी साफ करायचे, हे कोणीतरी ठरवतंच. ‘आम्ही राजकारणात नाही’ म्हणणाऱ्यांच्या घरातही पाणी तेवढंच आलं. आणि तेव्हा फोन करायला नगरसेवकही नव्हता! 2017 मध्ये निवडून आलेल्यांची मुदत 2022 मध्ये संपली होती, महापालिका प्रशासकाच्या हाती होती.

मग तरुणांनी उतरावं का? उतरावं. फक्त आज त्यांना कोणतं काम दिलं जातं, तेही बघा. बाइक रॅलीत झेंडा धरायचा, साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावायचे, सभा संपली की सतरंज्या उचलायच्या. पेट्रोल साहेबांचं, नाश्ता साहेबांचा, म्हणून मतही साहेबांचंच. याला राजकारण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्याचं पोट स्वतःच्या कमाईवर आहे, त्यालाच साहेबांसमोर ‘नाही’ म्हणता येतं. तेव्हा आईचा तो एमपीएससीचा प्रश्न अगदीच वावगा नाही.

याच शहरात 1923 साली झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्सकडे तिरंगी झेंडा न्यायला इंग्रजांची बंदी होती, तरी जत्थे निघत आणि अटक करून घेत. त्यांच्याही हातात झेंडाच होता. पण तो घेऊन तुरुंगात जायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं.

तरुण वयात जबाबदारी पेलत नाही म्हणावं, तर देवेंद्र फडणवीस इथेच बाविसाव्या वर्षी नगरसेवक झाले, सत्ताविसाव्या वर्षी महापौर. त्यांचा पक्ष तुम्हाला पटो वा न पटो, वयाचा मुद्दा तिथे निकालात निघतो. मात्र त्यांचे वडील विधान परिषदेचे सदस्य होते, घरातच राजकारण होतं. ज्याच्या घरात कोणी नाही, त्यानं कुठून शिकायचं? पूर्वी कॉलेजच्या निवडणुका होत्या. हाणामाऱ्या वाढल्या म्हणून 1990 च्या दशकात त्या बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात पुन्हा तरतूद आली, पण ती कागदावरच राहिली. अठराव्या वर्षी आमदार निवडू शकणाऱ्या मुलाला आपला वर्गप्रतिनिधी निवडता येऊ नये, हे मला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

तोवर शाळा गल्लीतच. समोरच्या नालीचं काम किती रुपयांचं, ठेकेदार कोण, पूर्ण कधी होणार, हे महापालिकेच्या झोन कार्यालयात जाऊन विचारा. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. एका अर्जानं नाली होत नाही, हे आधीच सांगतो. पण कोणती फाइल कोणत्या टेबलावर अडते ते कळतं, आणि ते रॅलीत कळत नाही.

महापालिकेची निवडणूक लढवायला एकवीस वर्षं लागतात, विधानसभेला पंचवीस. मतदार यादीत नाव घालायचा नमुना 6 मात्र सतरा पूर्ण झाली की आगाऊ भरता येतो. ऑनलाइन भरा, नाहीतर आपल्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला गाठा.

नमस्कार.