पुलाआधीचे कागद: अटल सेतू आणि अभियांत्रिकी सल्लागार

ओहोटी लागली की शिवडीच्या किनाऱ्यावर खाडीचा काळा चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्यावर रोहित पक्ष्यांचे थवे चरताना दिसतात. याच चिखलपट्ट्यावरून अटल सेतू न्हावा-शेव्याकडे निघतो. १२ जानेवारी २०२४ रोजी लोकार्पण झालेल्या या पुलाची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर असून त्यातील सुमारे १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर आहे. मुंबईला मुख्य भूमीशी जोडण्याची कल्पना मात्र १९६०च्या दशकातली, विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने केलेल्या वाहतूक अभ्यासातली.

पुलाच्या श्रेयाची चर्चा होते तेव्हा सरकार, कर्ज देणारी जपानची सरकारी संस्था जायका आणि बांधकाम कंपन्या यांची नावे येतात. पाया किती खोल न्यायचा, तो कोणत्या यंत्राने खणायचा आणि त्यात कोणते काँक्रीट भरायचे, याची छाननी करणारा अभियांत्रिकी सल्लागार सहसा पडद्याआड राहतो. वास्तविक पर्यावरणाची हानी किती होणार, याचा बराचसा निर्णय पहिली फावडी पडण्याआधी, कागदावरच झालेला असतो.

जहाजांचे मार्ग आणि समुद्रतळावरील वाहिन्या जिथे आडव्या येतात, तिथे या पुलावर ऑर्थोट्रॉपिक पोलादी डेक, म्हणजे खालून पोलादी पट्ट्यांनी मजबूत केलेला पोलादी पत्र्याचा पृष्ठभाग, वापरले आहे. ते काँक्रीटपेक्षा हलके असल्यामुळे दोन खांबांमधील गाळा १८० मीटरपर्यंत लांबवता आला, आणि गाळा लांबला की समुद्रतळात उतरणारे खांब आपोआप कमी होतात. पायासाठी पाइल, म्हणजे तळात खोल उतरणारे काँक्रीटचे खांब, खणताना आवाज आणि हादरे कमी राहावेत म्हणून रिव्हर्स सर्क्युलेशन पद्धतीची, म्हणजे खणलेला माल पाण्यासोबत नळीतून वर ओढणारी, यंत्रे निवडली गेली, तर पक्ष्यांच्या वावराच्या भागात पुलावर ध्वनिरोधक बसवण्यात आले.

काँक्रीटची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. सिमेंट तयार करताना चुनखडी भाजली जाते आणि त्यातून मोठ्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातले काही सिमेंट वगळून पोलाद कारखान्यांतील दळलेली स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, वापरली, तर उत्सर्जन घटते आणि खाऱ्या पाण्यातील क्लोराइड सळ्यांपर्यंत पोहोचायलाही अधिक वेळ लागतो. अडचण एवढीच की, असे काँक्रीट ताकद सावकाश धरते. साइटच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा क्यूब, म्हणजे चाचणीचा ठोकळा, सातव्या दिवशी दाबयंत्राखाली ठेवला जातो, तेव्हा आकडा साध्या सिमेंटच्या क्यूबपेक्षा कमी दिसतो आणि शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्याचा साचा, लवकर काढायची घाई असलेला कंत्राटदार नाराज होतो. अशा वेळी अठ्ठावीस दिवसांच्या, प्रसंगी छप्पन्न दिवसांच्या निकालाची वाट पाहण्याचा आग्रह धरायचा की मिश्रण बदलायला संमती द्यायची, हे सल्लागाराच्या सहीवर अवलंबून असते. शंभर वर्षे टिकेल अशा हिशेबाने पूल बांधायचा, तर ही सही दबावाखाली होऊन चालत नाही.

सल्लागाराच्या अधिकाराला मर्यादाही आहे. या पुलावरून दुचाकी आणि रिक्षांना परवानगी नाही. शिवनेरीसारख्या काही बसफेऱ्या सोडल्या तर हा मुख्यतः पथकर भरू शकणाऱ्या मोटारींचा रस्ता आहे. पूल कसा बांधावा, हे सल्लागाराला विचारले जाते. तो कोणासाठी असावा, हे बहुधा आधीच ठरलेले असते. शाश्वततेचा हिशेब केवळ काँक्रीटच्या टनांत मांडला, तर हा प्रश्न निसटतो.

वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थेत प्रकल्पांची घाई असणारच, पण त्या घाईचा पहिला फटका अभ्यासाला बसतो. प्रकल्प अहवालांच्या, म्हणजे डीपीआरच्या, सुमार दर्जाबद्दल केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली आहे. दोष केवळ अभियंत्यांचा मानणे सोपे आहे. गुणवत्ता आणि दर दोन्हींना गुण देऊन सल्लागार निवडण्याची तरतूद असली, तरी जिथे सर्वच स्पर्धकांना गुणवत्तेचे जवळपास सारखे गुण मिळतात, तिथे शेवटी कमी दर भरणाराच काम घेऊन जातो. मग खर्च वाचवण्यासाठी जमिनीखालचा थर तपासणारी बोअरहोल कमी केली जातात, आणि अहवालात दाखवलेल्या खोलीवर खडक लागला नाही की वाढीव पाइल, वाढीव सिमेंट आणि वाढीव देयक अशी तिन्ही ओझी प्रकल्पावर येतात.